खंडेनवमीला बाहेर गेलेलं मशीन

चोरीला गेलेल्या मशीनचा नंबर न लिहिता मी पंचनामा केला, आणि ज्या बाईला तो नंबर तोंडपाठ होता तिलाच संशयित म्हणून तीन तास ठाण्यात बसवून ठेवलं.

निवृत्त झाल्यापासून लोक म्हणतात, साहेब, एखादी केस सांगा. ज्या केसमध्ये मी हुशार दिसतो ती सांगितली की ऐकणाऱ्यांना खोटी वाटते. ही मात्र कुणालाही खरी वाटेल. इतकी वर्षं झाली तरी ती मनातून जात नाही, आणि आठवली की अजून कान गरम होतात. नाव कुणाचंच सांगणार नाही, माझं तर नाहीच.

धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी ठाणेप्रमुख होतो. दसरा होऊन तीन दिवस झाले होते. निम्मी माणसं अजून तुळजापूरच्या बंदोबस्ताला होती, उरलेली निम्मी तिकडून पाय सुजवून परत आली होती. अशा वेळी गावातल्या एका प्रसूतिगृहाच्या डॉक्टरबाई आणि त्यांचे दीर फिर्याद द्यायला आले. दीर म्हणजे दवाखान्याचे व्यवस्थापक. भांडाराच्या खोलीतून जुनं सोनोग्राफी मशीन चोरीला गेलं होतं. कुलूप शाबूत, खिडकी शाबूत, मशीन गायब.

जुनं मशीन गेलं तर जाऊ द्या, असं तुम्हाला वाटेल. मलाही क्षणभर वाटलं. पण सोनोग्राफी मशीन म्हणजे जुना पंखा नव्हे. प्रत्येक मशीनची सरकारदरबारी नंबरासकट नोंद असते. मोडकळीला आलं तरी समुचित प्राधिकाऱ्याला, म्हणजे तालुक्याला या कामासाठी नेमलेल्या सरकारी डॉक्टरांना, कळवल्याशिवाय ते जागचं हलवता येत नाही. कारण असं मशीन बिनकागदाचं बाहेर पडलं की कुठल्या तरी शेडमध्ये जाऊन पोटातलं मूल मुलगा आहे का मुलगी ते सांगायला लागतं. आणि मुलगी असली तर पुढं काय होतं ते आपल्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

मी स्वतः पंचनाम्याला गेलो. भांडाराची किल्ली एका ताईंकडं असायची. वय पन्नाशीच्या आसपास, दवाखान्यात एकोणीस वर्षं नोकरी. व्यवस्थापक म्हणाले, ताई नागपूरहून परत आल्या त्या सकाळपर्यंत मशीन खोलीत होतं, त्यांनी भांडार ताब्यात घेतलं आणि मशीन गेलं. ताईंचं कपाट उघडलं तर कापसात नीट गुंडाळलेली एक वस्तू सापडली, तिला लांब वायर. मी पंचनाम्यात लिहिलं, 'एक इलेक्ट्रिक वस्तू, दाढी करण्याच्या यंत्रासारखी'. मशीनबद्दल लिहिलं, 'एक जुने सोनोग्राफी मशीन, रंग पांढरा'. हे मी ज्या भिंतीला टेकून लिहिलं त्या भिंतीवर दवाखान्याचं नोंदणीपत्र काचेच्या चौकटीत टांगलेलं होतं. त्यात मशीनची कंपनी, मॉडेल, नंबर, सगळं छापलेलं. मी त्याच्या खाली उभा राहून चहाही प्यालो.

ताईंना ठाण्यात बोलावलं. आमच्या महिला हवालदारांना शेजारी बसवलं आणि मी चौकशीला सुरुवात केली. माझी एक पद्धत होती: आधी गप्प बसायचं, समोरच्याला गप्पपणाचा त्रास व्हायला लागला की तो आपणहून बोलतो. ताई माझ्यापेक्षा जास्त गप्प बसल्या. शेवटी मलाच बोलावं लागलं.

त्यांनी सगळं सरळ सांगितलं. धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी त्या अष्टमीलाच नागपूरला निघाल्या होत्या, दसऱ्यानंतर दोन दिवसांनी परत आल्या. खोली उघडली तर रिकामी. नुसतं मशीन नव्हे, जुने दोन कॉम्प्युटर, यूपीएसच्या बॅटऱ्या, लस ठेवायचा फ्रिज, सगळं गेलेलं. मी मनात म्हणालो, ज्याला चोरी करायची असते तो गावाला जातोच. त्यांच्याकडं रेल्वेचं तिकीट होतं, ते मी मागितलंसुद्धा नाही.

मग मी ती दाढीच्या यंत्रासारखी वस्तू टेबलावर ठेवली. हे काय, असं दरडावून विचारलं.

"हा प्रोब आहे, साहेब. हा पोटावर फिरवतात, तवा पडद्यावर दिसतंय," ताई म्हणाल्या. "मशीन बंद केलं त्या दिवशीच म्या तो काढून घेतला. जुनी वस्तू दारातून जाईल तवा आंधळीच गेली पाहिजे."

मला वाटलं, बाई कबूल झाली. मशीन एकीकडं विकायचं, प्रोब दुसरीकडं. मी हवालदारांकडं विजयानं पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

जाताना ताईंनी एकच विचारलं. "पंचनाम्यात नंबर घातला का?" मी कागद त्यांच्यापुढं सरकवला. त्यांनी तो वाचला, परत सरकवला आणि म्हणाल्या, "पांढरा तर फ्रिज पण हुता."

अटक करायला पुरावा नव्हता म्हणून सोडलं. पण तीन तास ठाण्यात बसलेली बाई गावात परत जाते तेव्हा ती एकटी जात नाही, तिच्याआधी बातमी पोचलेली असते. डॉक्टरबाईंनी त्यांना घरी बसायला सांगितलं. दवाखान्यासमोरचा मेडिकलवाला जेवायला जाताना दुकान त्यांच्या भरवशावर उघडं टाकून जायचा, त्यानं दुसऱ्या दिवसापासून शटर ओढायला सुरुवात केली. हे मला हवालदारांनी सांगितलं, आणि सांगताना 'साहेब' हा शब्द जरा जोर देऊन उच्चारला.

तिसऱ्या दिवशी खबर आली. दवाखान्यांची यंत्रं दुरुस्त करत जिल्हाभर फिरणारा एक कारागीर माझ्या ओळखीचा होता. एकदा मी त्याची चोरीला गेलेली मोटरसायकल शोधून दिली होती. ती त्याच्या मेहुण्याच्याच अंगणात उभी होती, पण उपकार तो उपकार. तो फोनवर म्हणाला, एक माणूस दोन दिवस झाले प्रोब मागतोय, जुन्या मॉडेलचा. दवाखान्याचं नाव विचारलं की फोन ठेवतो, कागद नाहीत म्हणतो. मी मॉडेल विचारलं, त्यानं सांगितलं. पडताळून पाहायला मी घाईघाईनं पंचनामा उघडला. रंग पांढरा.

हवालदार समोर उभ्या होत्या. म्हणाल्या, "साहेब, चोराला प्रोब पायजे. प्रोब ताईंपाशी हुता. ताईच चोर असत्या तर त्याला प्रोब बाहेर कशाला मागावा लागला असता?"

मी चोवीस वर्षं तपास करत होतो. त्या बारा वर्षांपूर्वी भरती झालेल्या. मी म्हणालो, मी तेच म्हणणार होतो.

ताईंच्या घरी गेलो. माझा अंदाज होता की दारातच चार शब्द ऐकावे लागतील. त्यांनी पाणी दिलं, खुर्ची दिली आणि एक वही काढली. त्यात दवाखान्यातून बाद झालेल्या प्रत्येक वस्तूला एक पान होतं. कंपनी, नंबर, कधी बंद पडली, कोणता भाग काढून कुठं ठेवला. कॉम्प्युटरच्या पानावर लिहिलं होतं, 'हार्ड डिस्क काढली, भोकं पाडली'. कशानं पाडली विचारलं तर हाडांच्या डॉक्टरांचं जुनं ड्रिल आणलं होतं. पेशंटबायांची नावं, त्यांचे रिपोर्ट त्या डिस्कमध्ये असतात, ते कुणाच्या हाती का लागावेत, हे त्यांचं म्हणणं. शेवटच्या पानाला एक कागद टाचलेला होता. मशीन गायब दिसलं त्याच दिवशी त्यांनी समुचित प्राधिकाऱ्यांना लेखी कळवलं होतं आणि शिक्क्यासह पोच घेतली होती. म्हणजे मी ज्यांना संशयित धरलं त्यांनी सरकारला माझ्याआधी खबर दिली होती.

मी विचारलं, हे सगळं इतके दिवस खोलीत का साठवून ठेवलं होतं? त्यांनी जे सांगितलं ते मला नवीन होतं. जुनी इलेक्ट्रिक यंत्रं नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राला द्यावी लागतात. पण त्यांची गाडी दोन कॉम्प्युटर न्यायला येत नाही, पुरेसा माल असला तर येते. म्हणून ताईंनी गल्लीतल्या दुकानदारांना, कॉम्प्युटर क्लासवाल्याला, पतसंस्थेला गळ घातली होती, की तुमचं जुनं भंगारवाल्याला देऊ नका, नीट ठेवा, सगळ्यांचं मिळून एक गाडी भरू. वर्षभर त्या दारोदार फिरल्या होत्या. गाडी दिवाळीनंतर येणार होती. जाताना गाडीवाल्याकडून प्रत्येक वस्तूचा दाखला घ्यायचा, हे त्यांचं ठरलेलं होतं. "वस्तू घेताना बिल घेतो का न्हाय आपण? मग सोडताना पण कागद घ्यावा," इतकं साधं.

सापळा ताईंच्याच सल्ल्यानं ठरला. गर्भलिंगनिदानाच्या कायद्यात खटला आम्ही भरत नाही, समुचित प्राधिकारी भरतात. म्हणून त्यांनाही बरोबर घेतलं. कारागिरानं त्या माणसाला प्रोब मिळाल्याचं कळवलं आणि येडशीच्या एका हॉटेलात सकाळी दहाला बोलावलं. मी कारागिराचा भागीदार झालो. पलीकडच्या टेबलावर ताई आणि हवालदार, देवाला निघालेल्या दोघी बहिणींसारख्या बसल्या.

माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, गळ्यात स्टेथोस्कोप नव्हता एवढंच. मी पिशवीतून प्रोब काढून दाखवला. त्यानं मला प्रोबचा प्रकार विचारला, कन्व्हेक्स आहे का लिनिअर?

मी म्हणालो, "ओरिजिनल."

पलीकडच्या टेबलावर ताईंना ठसका लागला. कारागीर खाली बघून कपातला चहा ढवळू लागला, त्यात साखरसुद्धा नव्हती. पण गरजवंत माणूस भागीदाराची परीक्षा घेत नाही. तो म्हणाला, लावून बघतो, चालला तर ठेवतो. त्यानं आम्हाला आपल्या गाडीत घातलं. मागून आमची गाडी अंतर राखून निघाली.

ढोकीच्या बाजूला, कारखान्याच्या रस्त्यापासून आत, उसाच्या फडामागं पत्र्याची शेड होती. आत एक पलंग, त्यावर धुतलेली चादर, शेजारी टेबलावर मशीन. आणि शेडबाहेर बाजेवर दोन बाया बसल्या होत्या. एकीच्या शेजारी तिची सासू असावी, मांडीवर जेवणाचा डबा घेऊन. त्यांना अकराची वेळ दिलेली होती. त्या नुसत्या बसल्या होत्या, बस उशिरा येणार आहे असं कळल्यावर माणसं बसतात तशा. मी खूप वाईट गोष्टी पाहिल्या आहेत, पण तो डबा अजून डोळ्यांपुढून हलत नाही. प्रोब ताईंच्या कपाटात राहिला नसता तर त्या दोघींच्या जागी तेवढ्या दिवसांत किती जणी येऊन गेल्या असत्या, ते मी मोजायचं टाळतो.

मागची गाडी आली. त्या माणसानं लगेच पवित्रा बदलला. मशीन माझं आहे, लातूरहून घेतलं, कागद घरी आहेत. मागची पट्टी खरवडलेली, नंबर नाही. समुचित प्राधिकारी माझ्याकडं बघू लागले आणि मी मशीनकडं. रंग तर पांढराच होता.

ताईंनी हवालदारांकडून बॅटरी मागितली. खाली वाकल्या आणि मशीनच्या बुडाशी, चाकाच्या आतल्या बाजूला उजेड टाकला. तिथं पत्र्यावर ताईंनी बारीक अणकुचीनं नंबर कोरून ठेवलेला होता. त्यांचे वडील साखर कारखान्यात टर्नर होते. पट्टी निघते, पत्र्यावर कोरलेलं निघत नाही, ही त्यांची शिकवण. तो पंचनामा ताईंनी सांगितला आणि मी लिहिला. माझ्या नोकरीतला तो सर्वांत स्वच्छ पंचनामा आहे. पुढं कोर्टात त्यातला एक शब्द हलला नाही.

त्या बोगस डॉक्टरानं भंगारवाल्याचं नाव सांगितलं. भंगारवाल्याच्या अंगणात आम्ही गेलो तर एका बाजूला काळी पडलेली जमीन, तिथं तो तांब्यासाठी वायरी जाळायचा. बॅटऱ्या फोडून आतलं ॲसिडचं पाणी ओढ्यात सोडलेलं. त्याच्या बोटांची कातडी सोललेली होती. तो लपवाछपवी करणारा माणूस नव्हता. म्हणाला, "खंडेनवमीला दुपारी टेंपो घिऊन बोलावलं, साहेब. खोली रिकामी करून न्या म्हनले. मशीनला हार घातल्याला हुता, हळद-कुंकू हुतं. म्हनून म्या ते फोडलं न्हाय. बाकीचं फोडलं." मग त्या इस्त्रीच्या शर्टवाल्याला ते अख्खं मिळालं.

कुणी बोलावलं, हे त्यानं सांगितलं. तरी मी व्यवस्थापकांना बोलावून घेतलं तेव्हा थेट विचारलं नाही. लोक याला नंतर माझं कौशल्य म्हणाले. खरं म्हणजे चहा यायचा होता आणि मी वेळ काढत होतो. म्हणालो, यंदा दवाखान्यात खंडेनवमीची पूजा झोकात झाली म्हणे. त्यांचा चेहरा खुलला. आपल्याकडं खंडेनवमीला दुकानदार तराजूची पूजा करतो, शेतकरी अवजारांची, आम्ही शस्त्रांची, तशी त्यांनी नव्या मशीनची केली होती. त्यांनी फोन काढून फोटो दाखवला. नवं मशीन, झेंडूचा हार, हात जोडलेले सगळे कर्मचारी. मागं भांडाराचं दार सताड उघडं, त्याबाहेर जुनं मशीन. कुणा भाविक कर्मचाऱ्यानं त्यालाही एक हार घातलेला. आणि फाटकात टेंपो.

मी फोटो मोठा करून त्यांच्यापुढं धरला. त्यांनी तो बघितला आणि सगळं सांगून टाकलं.

ते चोर नव्हते. पूजेआधी सगळं स्वच्छ हवं, खोली अडलेली, ताई गावाला गेलेल्या. त्यांच्यापाशी दुसरी किल्ली होती. जुना कचरा दारातून गेला की आपलं काम संपलं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. ताईंनी परत येऊन 'हे सरकारला कळवावंच लागेल' म्हटल्यावर ते घाबरले आणि वहिनींना सांगितलं की चोरी झाली. एका बाईची एकोणीस वर्षं त्या एका वाक्यावर टांगली गेली, आणि दोरीला गाठ मी मारली. खोट्या फिर्यादीबद्दल जी कारवाई व्हायची ती झाली, दवाखान्यालाही नोटीस गेली.

या केसनं मला काय शिकवलं? बंद पडलेली वस्तू मेलेली नसते. तिच्यात लोकांची नावं असतात, विष असतं, कधी कधी कुणाचा जीव असतो. दुकान असो, दवाखाना असो, बँक असो, ती वस्तू तुमच्या दारातून कोणत्या अवस्थेत आणि कोणाच्या हातात गेली, याची जबाबदारी तुमचीच. हे मी पोलीस म्हणून सांगतोय, पण शिकलो एका भांडार सांभाळणाऱ्या बाईकडून. त्यांनी पुढं त्या भंगारवाल्यालासुद्धा सोडलं नाही. त्याला दम देऊन, समजावून, गल्लीतला जुना माल न फोडता, न जाळता गोळा करायच्या कामाला लावलं. दिवाळीनंतर गाडी आली ती भरून गेली. मेडिकलवाल्याचा बंद पडलेला फ्रिजही त्यात होता.

एक गोष्ट राहिली होती. डॉक्टरबाईंनी ताईंना परत बोलावलं होतं, पण ताई जाईनात. मी माफी मागायला घरी गेलो. त्या म्हणाल्या, "तोंडी नगं. ठाण्यात बसवलं त्याची डायरीत नोंद हाय. मग सोडलं त्याचा पण कागद पायजे."

मी आमच्या भाषेत लिहून दिलं, 'सदर महिलेविरुद्ध सबळ पुरावा मिळून आला नाही'. त्यांनी वाचून परत केलं. म्हणाल्या, असं वाचलं तर वाटेल की पुरावा होता आणि तुम्हाला सापडला नाही. मी दुसऱ्यांदा लिहिलं, 'गैरसमजातून चौकशी करण्यात आली'. त्यांनी विचारलं, गैरसमज कुणाचा, आणि केली कुणी? हवालदार माझ्याबरोबर आल्या होत्या, त्या पुन्हा खिडकीबाहेर बघू लागल्या. तिसऱ्यांदा मी लिहिलं, 'ही चोरी यांनी केलेली नाही. यांच्यावर संशय घेणे ही माझी चूक होती. मशीन यांच्यामुळे सापडले.' खाली सही, हुद्दा, ठाण्याचा शिक्का.

ताईंनी तो कागद दोनदा वाचला, घडी घालून वहीत ठेवला आणि दवाखान्यात जायला पर्स उचलली. दारात थांबून म्हणाल्या, "आता बरं लिवलंय. तपास पण तीन-तीनदा करत जावा, साहेब. पहिल्यांदा तुमचं काय खरं नसतंय."